दगडाची किंमत आणि दगडाची साक्ष

'मालकी' या कल्पनेवर आपलं बोलणं चाललं आहे. जमीन कुणाची, पाणी कुणाचं, शोध कुणाचा, असे प्रश्न आपण घेतले. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, उदाहरण मात्र जरा निराळं आहे.

जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीज या लिलावगृहात एक सांगाडा विकला गेला. स्टेगोसॉरस जातीच्या डायनोसॉरचा सांगाडा, विक्रेत्यांनी त्याला नाव दिलं होतं 'एपेक्स'. अंदाज होता ४० ते ६० लाख डॉलरचा. हातोडा पडला आणि हिशेब झाला तेव्हा आकडा निघाला ४ कोटी ४६ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेतीनशे कोटी रुपयांहून जास्त. घेणारे होते केन ग्रिफिन नावाचे अमेरिकी अब्जाधीश. पुढे त्यांनी तो न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला काही वर्षांसाठी उसना दिला. मालकी अर्थात त्यांच्याकडेच राहिली.

अशी बातमी आली की दोन तट पडतात. एक म्हणतो, ज्याच्या जमिनीत सापडलं त्याचं ते, त्याने विकावं, कुणी घ्यावं, तुमचं काय जातं? दुसरा म्हणतो, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाचे अवशेष सगळ्या मानवजातीचे, त्यांचा बाजार मांडणं हेच पाप. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, भूशास्त्र नव्हे. तरी हा वाद आम्हांला ओळखीचा वाटतो. दोन्ही तट मोठ्याने बोलत आहेत आणि विकलं नेमकं काय जातं हे कुणीच विचारत नाही, असं इथे झालं आहे. तेव्हा आपण तिथूनच सुरुवात करू.

जीवाश्म म्हणजे काय, हे थोडक्यात. प्राणी मेला, गाळात पुरला गेला, मांस कुजून गेलं. हाडांत हळूहळू खनिजं झिरपली, भोवतालच्या गाळाचा खडक झाला आणि हाडाचाही दगड झाला. कधी हाडाऐवजी पानाचा ठसा उरतो, कधी पावलाचा, कधी अंडं, कधी चक्क विष्ठा. हातात घेतलं तर तो दगडच असतो. वजन करता येतं, पॉलिश करता येतं, दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवता येतो. ही झाली वस्तू. वस्तूला किंमत असू शकते.

पण त्याच दगडात दुसरं एक काही असतं, त्याला आपण साक्ष म्हणू. हा प्राणी होता, अमुक काळी होता, अमुक पाण्याकाठी, अमुक झाडांच्या सोबतीने राहत होता, अशी साक्ष. ती दगडाच्या आत कुठे कोंडलेली नसते. दगड आणि तो ज्या जागी सापडला ती जागा, या दोघांच्या नात्यात ती असते.

हे समजायला आपल्याकडचं न्यायदर्शन फार उपयोगी पडतं. वर्गात अनुमान शिकवायला आम्ही दरवर्षी तेच उदाहरण घ्यायचो, सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं तेच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर विस्तव आहे. इथे तीन गोष्टी हव्यात. धूर हवा, धूर आणि विस्तव यांचा कायमचा संबंध माहीत हवा, आणि तो धूर त्या डोंगरावर हवा. तिसरी गोष्ट विद्यार्थी हटकून विसरायचे. धूर आहे, पण कुठला आहे ते ठाऊक नाही, तर अनुमान कशाबद्दल करणार?

आता कल्पना करा की कुणीतरी डोंगरावरचा धूर बाटलीत भरला, बूच लावलं आणि बाजारात विकायला ठेवला. धूर खरा आहे, भेसळ नाही. पण कोणत्या डोंगरावर विस्तव आहे, हे तो आता सांगू शकत नाही. थराची नोंद न करता उकरून काढलेला जीवाश्म हा असा बाटलीतला धूर आहे. कोणत्या गावचा, कोणत्या थरातला, वर काय होतं, खाली काय होतं, शेजारी कोणते दाणे, कोणती पानं होती, हे गेलं की दगड उरतो आणि साक्ष संपते.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं, की किंमतीचा प्रश्न आणि साक्षीचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की वाद भरकटतो. आता दोन्ही बाजू नीट ऐकून घेऊ.

आधी विक्रेत्यांची बाजू. ती हलकी नाही. जीवाश्मशास्त्राचा पाया ज्यांच्या हातांनी घातला गेला त्यांतले कित्येक जण जीवाश्म विकून पोट भरत होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं गाव आहे. तिथली मेरी अ‍ॅनिंग ही गरीब सुताराची मुलगी. समुद्राच्या कड्यांतून दगड शोधायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकायचे, हा घरचा जोडधंदा. १८११-१२ च्या सुमारास तिला आणि तिच्या भावाला इक्थिओसॉरचा सांगाडा मिळाला. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला. तिने ते विकले नसते तर घर चाललं नसतं, आणि ती कड्यावर गेली नसती तर ते सांगाडे लाटांनी फोडून नेले असते. स्त्री म्हणून लंडनच्या भूशास्त्र सोसायटीचं सभासदत्व तिला मिळणं शक्य नव्हतं. तिचे दगड मात्र त्या सभांत पोचत होते.

दुसरं उदाहरण आर्किऑप्टेरिक्सचं. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यामधला दुवा म्हणून ते शाळेच्या पुस्तकात असतं. जर्मनीतल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीच्या खाणींतला हा नमुना तिथल्या हेबरलाइन नावाच्या डॉक्टरांकडे आला. ते औषधोपचाराच्या मोबदल्यातही जीवाश्म घेत. १८६२ मध्ये त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने ७०० पौंडांना विकत घेतला. डार्विनचा ग्रंथ येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. म्हणजे एवढा मोठा पुरावा शास्त्राच्या हाती आला तो खरेदी-विक्रीतूनच.

तेव्हा पैसा आला की शास्त्र गेलं, असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. उलट, शोधणाऱ्याला काही मिळणार नसेल तर तो शोधणार कशाला, हा प्रश्न रास्त आहे. खाणीत सुरुंग लावणाऱ्या माणसाला आपण 'हा मानवजातीचा वारसा आहे' असं सांगतो आणि त्याच्या दिवसाच्या मजुरीचं काय ते सांगत नाही, हे बरं नव्हे.

पण या दोन्ही गोष्टींचा शेवट कुठे झाला ते पाहा. आर्किऑप्टेरिक्स गेला तो म्युझियमात. आज दीडशेहून अधिक वर्षांनीही तो लंडनला आहे आणि कुणाही अभ्यासकाला मागून बघता येतो. विक्री झाली, पण साक्षीदार कोर्टाच्या आवारातच राहिला.

गेल्या तीस वर्षांत चित्र पालटलं. १९९० मध्ये अमेरिकेत साउथ डकोटात स्यू हेंड्रिक्सन यांना टी-रेक्सचा फार मोठा सांगाडा दिसला. त्यांच्याच नावावरून त्याला 'स्यू' म्हणतात. उत्खनन करणाऱ्या कंपनीने जमिनीच्या मालकाला ५ हजार डॉलर दिले होते. मग मालकी कुणाची यावर कज्जा झाला, १९९२ मध्ये सरकारी यंत्रणेने सांगाडा जप्त केला आणि शेवटी तो जमीनमालकाकडे गेला. १९९७ मध्ये लिलावात त्याला सुमारे ८३ लाख ६० हजार डॉलर आले. शिकागोच्या फील्ड म्युझियमने मोठ्या कंपन्यांची मदत घेऊन तो मिळवला म्हणून आज तो लोकांना दिसतो. पण ५ हजार आणि ८३ लाख हे दोन आकडे जगभरच्या जमीनमालकांनी वाचले. २०२० मध्ये 'स्टॅन' नावाचा दुसरा टी-रेक्स क्रिस्टीजच्या लिलावात ३ कोटी १८ लाख डॉलरला गेला. पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या संघटनेने लिलावाआधी पत्र लिहून विनंती केली होती की बोली सार्वजनिक संस्थांपुरती ठेवा. ती मानली गेली नाही. स्टॅन कुणी घेतला हे बराच काळ कळलंच नाही. अबू धाबीच्या नव्या संग्रहालयात तो जाणार, हे २०२२ मध्ये उघड झालं.

एवढ्या किंमतीपुढे बहुतेक संग्रहालयं उभीच राहू शकत नाहीत. थॉमस कार या अभ्यासकाने २०२५ मध्ये मोजदाद मांडली. शास्त्राला उपयोगी पडतील असे टी-रेक्सचे ६१ नमुने सार्वजनिक संस्थांत आहेत आणि ७१ खासगी किंवा व्यापारी हातांत. जगातला सर्वांत प्रसिद्ध डायनोसॉर, आणि त्याचे निम्म्याहून अधिक साक्षीदार आपल्या मर्जीने बोलावता येत नाहीत.

कुणी म्हणेल, खासगी मालक चांगला असेल, तो अभ्यासकाला आत येऊ देईल. देईलही. पण शास्त्रात एकदा पाहून भागत नाही. एकाने पाहिलं, निष्कर्ष काढला, तर दुसऱ्याला तोच दगड पुन्हा पाहून 'तुमचं चुकलं' म्हणता आलं पाहिजे. मालकाचा मुलगा उद्या तो विकेल, परदेशी नेईल, दार बंद करेल. म्हणूनच खासगी संग्रहातल्या नमुन्यांवरचे लेख घ्यायला अनेक शास्त्रीय नियतकालिकं नकार देतात. साक्षीदाराची उलटतपासणी होणार नसेल तर साक्ष ग्राह्य कशी धरायची?

पुन्हा पाहण्याने काय होतं, याचं एक फार सुंदर उदाहरण आपल्याकडचं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले नागपूरचे डॉ. धनंजय मोहबे यांनी गुजरातेतल्या धोली डुंगरी इथून एक नमुना आणला. डायनोसॉरची अंडी आणि एक पिल्लू, असं त्याचं वर्णन १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तोच दगड हातात घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं की यात सापाचे मणके आहेत. पुढे दगड काळजीपूर्वक साफ केला गेला. घरट्यात अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, पिल्लावर टपलेला साडेतीन मीटर लांबीचा साप! २०१० मध्ये मोहबे, विल्सन आणि सहकाऱ्यांनी त्याला 'सनाजेह इंडिकस' हे नाव दिलं. आता विचार करा. १९८७ नंतर हा दगड 'डायनोसॉरची अंडी, सुंदर नमुना' म्हणून कुणाच्या बंगल्यात गेला असता, तर साप आजही त्या दगडात कुणाला न दिसता पडून असता.

दुसरं उदाहरण खास महाराष्ट्रातलं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे शेतात डायनोसॉरची हाडं सापडतात, आणि त्याबरोबर सापडतात दगड झालेले शेणाचे गोळे. दिसायला काही शोभा नाही, लिलावात त्यावर कुणी हातोडा उचलणार नाही. पण लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या डॉ. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यांत त्यांना गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले. तोवर सर्वसाधारण समजूत अशी की डायनोसॉर गेल्यावर पुष्कळ काळाने पृथ्वीवर गवतं फोफावली. २००५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि ती समजूत मागे पडली. पुढे २०११ मध्ये याच मंडळींनी दाखवलं की भात ज्या कुळीतला, त्या कुळीचा उगमही तितकाच जुना असावा. म्हणजे आपल्या ताटातल्या भाताचे पूर्वज कुठे शोधायचे, हे विदर्भातल्या एका शेणाच्या दगडाने सांगितलं. बाजारभाव आणि ज्ञानभाव यांची सांगड कशी बसत नाही, हे याहून स्पष्ट काय दाखवणार?

बाजाराचा आणखी एक परिणाम होतो. मागणी आली की बनवाबनवी येते. १९९९ मध्ये एका नामवंत अमेरिकी मासिकाने 'आर्किओरॅप्टर' नावाचा, अर्धा पक्षी अर्धा डायनोसॉर असा जीवाश्म गाजावाजा करून छापला. तो अमेरिकेतल्या एका खनिज-प्रदर्शनात ८० हजार डॉलरला घेतलेला होता. नंतर निघालं की चीनमधल्या वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून कुणीतरी तो तयार केला होता. आपणही यात मागे नाही. पंजाब विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं हिमालयातले म्हणून जे जीवाश्म प्रसिद्ध केले, त्यांतले अनेक मोरोक्को, अमेरिका अशा ठिकाणचे आहेत, असं ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं. मोरोक्कोतले तसले जीवाश्म तर दुकानांत सर्रास विकत मिळतात. दगड अस्सल होते, डोंगर खोटा होता. त्यामुळे हिमालयाच्या भूशास्त्रात किती गाळ मिसळला, ते उपसायला पुढच्या लोकांना मेहनत पडली. आमच्या बाटलीतल्या धुराचं उदाहरण असं प्रत्यक्षात उतरलेलं आहे.

आता कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की सरकारी कपाटात तरी काय दिवे लागतात? प्रश्न खरा आहे. भारतात सापडलेला पहिला डायनोसॉर म्हणजे जबलपूरचा. १८२८ मध्ये स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने, ठगांच्या बंदोबस्ताबद्दल आपण ज्यांचं नाव ऐकतो त्यांनीच, ती हाडं गोळा केली. १८७७ मध्ये त्यांना 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असं नाव मिळालं. आणि मग ती हाडं हरवली. कित्येक दशकं ती गेलीच, असं सगळे धरून चालले होते. २०१२ मध्ये कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच त्यांतलं एक सापडलं. शोधणाऱ्यांत पुन्हा डॉ. मोहबे होतेच. सार्वजनिक संस्था निष्काळजी असू शकते, हे यातून दिसतं. पण त्याच वेळी हेही दिसतं, की ती वस्तू संस्थेबाहेर गेली नव्हती म्हणून शोधणाऱ्याला निदान कुठे शोधायचं ते ठाऊक होतं.

इथे आपल्या घरातल्या एका जीवाश्माकडे वळू. चमकू नका. अनेकांच्या देवघरात शाळिग्राम असतो. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात मिळणारा हा काळा दगड. त्यावरची चक्रं ही अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शिंपल्याचे ठसे आहेत. हिमालयाच्या जागी समुद्र होता, याचे ते पुरावे आहेत. आपल्या परंपरेत शाळिग्रामाचं मोल करणं निषिद्ध मानलं आहे. तो द्यावा, घ्यावा, वारशाने यावा, पण त्याची किंमत ठरवू नये. आज तीर्थाच्या ठिकाणी तो दुकानात मिळतो हे खरं, तरी कल्पना विचार करण्यासारखी आहे. काही वस्तू हातोहात जाऊ शकतात, पण त्यांना भाव लावायचा नाही, असं आपल्या पूर्वजांना सुचलं होतं.

पण थोडं थांबा. या शाळिग्रामाने आपल्याला साक्ष दिली का? नाही. तो कोणत्या वळणावर, कोणत्या थरातून सुटून पात्रात आला हे आपल्याला माहीत नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण तिथे नातं श्रद्धेचं आहे. श्रद्धेला तो पुरे आहे, भूशास्त्राला पुरत नाही. म्हणजे विक्री थांबवली की साक्ष वाचली, असंही होत नाही. आमचा मुद्दा हाच, की पैसा हा या प्रश्नाचा गाभा नाही.

हेच उलट बाजूने तपासू. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतल्या खाणींत काळ्या खडकाच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे स्फटिक मिळतात. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. खाणकामगार ते जपून काढतात, व्यापारी घेतात, परदेशात जातं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय अशाच खनिजांचं, एका संग्राहकाने उभं केलेलं, आणि ते लोकांना खुलं आहे. या व्यापाराने मन तितकं अस्वस्थ होत नाही. का? कारण स्फटिक पुन्हा पुन्हा सापडतात, एकासारखा दुसरा असतो, आणि शिल्लक खडकातून बरंच कळतं. शंखशिंपल्यांचे असंख्य जीवाश्मही काही अंशी असेच आहेत. शाळकरी मुलाने असा एखादा विकत घेतला तर शास्त्राचं काही बिघडत नाही, उलट एखादा शास्त्रज्ञ घडेल. पण ज्याची जगात एकच प्रत आहे, त्या पोथीचं तसं नसतं. तेव्हा सगळे जीवाश्म एका मापाने मोजू नयेत.

आता आपल्या उपनगराकडे येऊ. कारण हा वाद न्यूयॉर्कचा आहे, मुंबईला काय त्याचं, असं वाटत असेल. मुंबई उभी आहे ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. लाव्हाच्या दोन लोटांमध्ये मधला काळ शांत जायचा. तेव्हा तळी, दलदली व्हायच्या, त्यांत गाळ साचायचा, त्या गाळात जीव पुरले जायचे. वरळीच्या अशा थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी रूढ केला, त्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये लंडनमध्ये त्यांचं वर्णन केलं. पुढे १९३० मध्ये नोबल यांनी त्यांना 'इंडोबॅट्राकस' हे नाव दिलं, आणि १९४० मध्ये आपले मराठी जीवाश्मशास्त्रज्ञ चिपळूणकर यांनीही वरळीच्या बेडकांवर लिहिलं. इकडे अंधेरी-जोगेश्वरीला आंबोलीच्या खाणीत असेच थर उघडे पडले. तिथल्या कासवाच्या अवशेषांवरून २००३ मध्ये एक नवी जात शास्त्रात दाखल झाली, 'संकुचेमिस सेथनाई'. नावातले सेथना म्हणजे मुंबईचे भूशास्त्रज्ञ प्राध्यापक सेथना.

हे थर कुणी विकले? एकाही अब्जाधीशाने नाही. उपनगरांतल्या टेकड्या खडी म्हणून विकल्या गेल्या. भाव ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. सुरुंग, क्रशर, डंपर, आणि मग आपल्या इमारतींचा पाया. न्यूयॉर्कचा संग्राहक निदान हाड ओळखून पैसे मोजतो. आपण धूर आणि डोंगर दोन्ही दळून सिमेंटमध्ये घातलं. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा. लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या खांबांचा, सुमारे दोनशे फूट उंच सुळका. आसपासचा खडक खाणींनी खाल्ला, वर गावदेवीचं देऊळ असलेला एवढा तुकडा उरला. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसा-यादीत जागा दिली. तोवर त्याच्या पायथ्याशी वस्ती आणि इमारती येऊन टेकल्या होत्या.

आम्ही हे कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला सांगत नाही. घरं लागतात, घरांना खडी लागते. आम्ही स्वतः त्याच खडीच्या चौथ्या मजल्यावर राहतो. म्हणणं एवढंच, की संग्राहकावर रागावून आपली जबाबदारी संपत नाही. साक्षीदार विकला जाणं वाईट, आणि साक्षीदार ओळखलाच न जाणं त्याहून वाईट.

मग करायचं काय? पहिली गोष्ट कायद्याची. पुरातन वस्तूंचा आपला १९७२ चा कायदा मुख्यतः मूर्ती, नाणी, शिलालेख, हस्तलिखितं अशा मानवी इतिहासाच्या वस्तूंसाठी आहे. जीवाश्म आणि भूशास्त्रीय स्थळं यांच्यासाठी वेगळं विधेयक हवं, हे सरकारलाही पटलेलं दिसतं. खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळं आणि भूअवशेष यांविषयी एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला. पण नुसती बंदी पुरत नाही, हे मंगोलियाकडून शिकावं. तिथे जीवाश्म देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, तरी २०१२ मध्ये तिथला टार्बोसॉरस अमेरिकेत लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला. शेवटी कोर्टात जाऊन पुढच्या वर्षी तो परत मिळाला. सांगाडा आला. तो जिथून उकरला त्या जागेची नोंद काही त्याच्याबरोबर आली नाही.

म्हणून आमच्या मते कायदा असो वा नसो, चार गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. जागेची नोंद झाल्याशिवाय दगड हलवू नये. जो नमुना एकमेव आहे, किंवा ज्यावरून एखाद्या जातीला नाव मिळालं आहे, तो सार्वजनिक संस्थेतच राहावा आणि कुणालाही अर्ज करून पाहता यावा. ज्याने शोधला, त्या शेतकऱ्याला, खाणकामगाराला रोख मोबदला आणि नावासकट श्रेय मिळावं, म्हणजे लपवण्यापेक्षा कळवणं त्याला परवडेल. आणि चौथी गोष्ट, खाणीला परवाना देताना दोन लाव्हांमधला गाळाचा थर लागला तर काम थोडं थांबवून भूशास्त्रज्ञाला बोलवायची अट असावी. सामान्य, मुबलक जीवाश्मांची खरेदी-विक्री या चौकटीत राहून चालली तर आमची हरकत नाही.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे, ती वाचून दाखवतो. 'वडिलांनी ट्रेकहून आणलेला पानाचा ठसा असलेला दगड घरी आहे. तो ठेवणं गैर आहे का?' गैर नाही. पण आज घरी गेल्यावर एक काम करा. वडील असतील तर त्यांना विचारा, कुठला गड, कोणती वाट, ओढ्यात मिळाला की कड्यात, साधारण कोणतं वर्ष. ते कागदावर लिहा आणि त्या कागदासकट दगडाचा फोटो जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. ते म्हणाले की साधा आहे, तर खुशाल ठेवा. म्हणाले की वेगळा आहे, तर देऊन टाका. कागद मात्र दोन्ही वेळा दगडाबरोबर राहू द्या. आठवण माणसाबरोबर जाते आणि मग पुढच्या पिढीच्या हाती बाटलीतला धूर उरतो.

आज इथेच थांबू.